मे महिन्यात गुहागर, आणि तेही निवांत? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी गुहागरवर लिहिताना एकच सांगितलं होतं, की मे महिन्यात जायचं तर दोन रात्री मुक्काम करा आणि पॉइंट्सची यादी घरीच ठेवून जा. त्यावर बरीच पत्रं, मेसेज आलेत, काहींना पटलंय, काहींना अजिबात नाही, आणि बहुतेकांनी "ते ठीक आहे, पण यादी द्याच" असंच लिहिलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही.

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्याचे. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (वय 72, गुडघ्यांचा त्रास). शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत. एका ग्रुपवर प्लॅन आलाय त्यात दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे तिन्ही आहे. जमेल का?

जमेल की, गाडीच्या खिडकीतून. सासूबाईंचे गुडघे मात्र तुम्हाला गणपतीपुळ्यापर्यंत शिव्या घालतील.

हिशोब करा ना, ठाण्याहून चिपळूण आणि तिथून पुढे गुहागर मिळून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट चढायचा त्रास गेला, पण हायवेवर मे महिन्यातल्या शुक्रवारी रात्री सगळी मुंबईच कोकणात निघालेली असते, त्यामुळे पोचेपर्यंत उजाडणार हे धरूनच चाला. म्हणजे तुमच्या हातात खरा पूर्ण दिवस एकच, शनिवार, आणि रविवारचा सकाळचा तुकडा. त्यात तीन गावं कोंबली तर तिन्ही ठिकाणी पार्किंग आणि शहाळंवाला एवढंच बघून याल.

गुहागरचं कसं आहे, गाव लांबट आहे. समुद्राला समांतर एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मधे बाजारपेठ, एका टोकाला वरचा पाट, दुसरीकडे खालचा पाट. समुद्राच्या बाजूच्या घरांचं पुढचं दार रस्त्यावर उघडतं आणि मागचं दार वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीत, आणि वाडी संपली की थेट वाळू. त्यामुळे बुकिंग करताना एसी आहे का, टीव्ही आहे का हे विचारण्याआधी एकच विचारा, "वाडीतून बीचवर जायला पायवाट आहे का?" असेल तर तुमचं निम्मं काम झालं, कारण मग समुद्रावर "जायचं" असं राहतच नाही, चहा पिऊन झाला की जाऊन यायचं, कंटाळा आला की परत, मुलगा तिकडे, सासूबाई इकडे ओटीवर, कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

सासूबाईंसाठी आणखी तीन गोष्टी फोनवरच विचारून ठेवा, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि प्लॅस्टिकची का होईना पण एक खुर्ची वाळूपर्यंत न्यायला देतील का. शेवटचं विचारायला लोक लाजतात, काही गरज नाही, घरगुती मुक्कामवाले आनंदाने देतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघेवाल्यांना चालवत नाही, ओल्या घट्ट वाळूवर छान चालता येतं, तेव्हा त्यांना ओहोटीच्या वेळी न्या (त्याचं गणित खाली दिलंय).

शनिवारी सकाळी अंघोळी करून बाजारपेठेतल्या व्याडेश्वराला जाऊन या. शिवपंचायतन आहे, मधे शंकर आणि चार कोपऱ्यांना बाकीच्या देवतांची लहान देवळं. कोकणस्थांच्या कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे आवारात तुम्हाला पुण्या-मुंबईचे, अगदी अमेरिकेहून आलेलेही आडनावाची चौकशी करताना दिसतील. नऊच्या आत जा, नंतर आवारातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाहीत. येताना उफराटा गणपती बघा, त्याचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. गावात गोष्ट अशी सांगतात की समुद्र गावात शिरायला लागला तेव्हा देवाने तोंड फिरवलं आणि पाणी मागे गेलं. दुर्गादेवीचं देऊळ वरच्या पाटात, तिथलं तळं आणि सावली संध्याकाळी बरी वाटते.

दुपारी जेवून झोपा. खरंच झोपा. बारा ते साडेचार गुहागरमधे शहाणं माणूस बाहेर पडत नाही, पर्यटक तेवढे पडतात.

रविवारी एकच काहीतरी करा. हेदवी-वेळणेश्वरला जा नाहीतर अंजनवेलला जा, दोन्ही नको. वेळणेश्वर वीसेक किलोमीटर, हेदवी त्याच्या थोडं पुढे, हेदवीला टेकडीवर दशभुजा गणपती आणि खाली समुद्रात बामणघळ, म्हणजे लाट उंच उडते ती खडकातली भेग. नाहीतर अंजनवेलला गोपाळगड, टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह, तिथून वाशिष्ठी समुद्राला मिळते ते वरून दिसतं. सासूबाई सोबत आहेत तर मी हेदवी म्हणेन, गणपतीच्या देवळापर्यंत गाडी जवळ जाते. बामणघळ मात्र खडकांवरून चालत गाठावी लागते, ती तुम्ही आणि मुलगा जाऊन या, त्या देवळाच्या आवारात बसतील.

प्रश्न: भरती-ओहोटीच्या वेळा आधी कशा कळणार? ॲप डाऊनलोड करावं लागेल का? (विशेषतः बामणघळीसाठी विचारतोय, मागच्या वेळी गेलो तर नुसती खडकातली चीर दिसली, पाणी उडतच नव्हतं.) — डोंबिवली

ॲप घ्या हवं तर, पण भिंतीवर कॅलेंडर असेल तर गरज नाही. किनाऱ्यावर पूर्वीपासून चालत आलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, की आलं भरतीचं टायमिंग. शुद्ध असो की वद्य, नियम तोच. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण तीन, भरती तीनला, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा धरायचे. आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण ट्रिपला काय मिनिटाला मिनिट लागतंय? भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून पहिल्या दिवशीची वेळ कळली की पुढचे दोन दिवस तुम्हीच सांगू शकता.

आता हे वापरायचं कसं ते बघा. वीकेंड पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळ आला तर दुपारी बाराला भरती, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी, सूर्यास्ताच्या वेळी वाळूचा पट्टा सगळ्यात रुंद, फिरायला, क्रिकेटला, सासूबाईंना सगळ्यांना मस्त. वीकेंड अष्टमीजवळ आला तर संध्याकाळी सहाला पाणी पार वरपर्यंत, चालायला जागा कमी, पण भांगाची भरती असल्यामुळे तिला उधाणाचा जोर नसतो, बसून बघायला छान.

तुमची बामणघळ. ती म्हणजे खडकाला पडलेली लांब अरुंद भेग, लाट आत घुसली की पुढे जायला जागा नाही म्हणून उभी वर उडते. ओहोटीला लाट भेगेपर्यंत पोचतच नाही, मग तुम्हाला चीरच दिसणार ना. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सगळ्यात जोरात उडते पण तेव्हा भरती ऐन बाराला, डोक्यावर ऊन, खडक तापलेले. त्यापेक्षा पंचमी-षष्ठीला जा, पावणेचार-साडेचारला भरती असते, जोर थोडा कमी पण उन्हाची धग उतरायला लागलेली असते आणि तिथून निघून सूर्यास्ताला वेळणेश्वर. घळीच्या काठावर ओला, शेवाळलेला खडक असतो, तिथे सेल्फीसाठी उभं राहायचं नाही, हे मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी कुणीतरी उभं राहतंच.

प्रश्न: पोहायला सेफ आहे का? आम्हाला सगळ्यांना स्विमिंग येतं. — नाशिक

पूलमधलं येतं की समुद्रातलं? राग मानू नका, फरक आहे. गुहागरचा किनारा सरळ आणि मोकळा आहे, लाटेला अडवायला पुढे काही नाही, आणि काही ठिकाणी वाळू एकदम उतरते, गुडघाभर पाणी दोन पावलांत छातीला लागतं. मेच्या मध्यापासून समुद्राचा रंग बदलतो, लाटा वाढतात आणि पाणी आतून ओढायला लागतं. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, ओहोटी सुरू असताना तर नकोच, आणि जिथे स्थानिक लोक उतरत नाहीत तिथे उतरू नका. चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दम जातो, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाजूला निघायचं आणि मग आत यायचं. दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडू नका, भांडण झालं तरी चालेल.

खाडीत पोहू असा कुणी विचार करत असेल तर वाशिष्ठीत मगरी आहेत. चिपळूणकडे लोक त्या बघायला बोटीने जातात.

प्रश्न: गुहागरला फक्त व्हेज मिळतं असं ऐकलंय. मग कोकणात जाऊन काय उपयोग? — कोल्हापूर

कोल्हापूरकर, तुमचं दुःख समजलं. तसं नाहीये. वरच्या-खालच्या पाटातल्या बऱ्याच घरगुती खाणावळी शाकाहारी आहेत हे खरं, पण मासेही मिळतात, असगोली, वेलदूर, पालशेत ही आजूबाजूची सगळी मासेमारीची गावं आहेत. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सकाळीच सांगून ठेवायचं, दुपारी एकला जाऊन सुरमई मागितली तर फ्रीजमधली मिळेल. दुसरं, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मे संपत आला की बोटी किनाऱ्याला ओढायची गडबड सुरू होते आणि मासे कमी आणि महाग. म्हणून मेच्या शेवटी जाणाऱ्यांनी सुरमई-पापलेटचा हट्ट न धरता जे आलंय ते खावं. बांगडा ताजा असेल तर बिघडलं कुठं!

पण मी तुम्हाला एक वेळ तरी शाकाहारी जेवाच असं सांगेन, आणि हे उपदेश म्हणून नाही तर मे महिना आहे म्हणून. फणसाची भाजी, वालाचं बिरडं, ओलं खोबरं घातलेली काकडीची कोशिंबीर, सोलकढी, आमरस, आणि आदल्या दिवशी सांगितलंत तर उकडीचे मोदक, वर घरचं तूप. मोदक खायची पद्धत माहितीये ना, वरचं नाक मोडायचं आणि त्या भोकात तूप ओतायचं, बाजूला वाटीत तूप घेऊन बुडवून खाणारा शहरातला हे लगेच कळतं. सकाळी पोह्यांऐवजी घावन किंवा आंबोळी मागा. आणि सांदणं करतात का विचारा, फणसाच्या नाहीतर आंब्याच्या रसात तांदळाच्या कण्या घालून वाफवतात, नारळाच्या दुधाबरोबर खायचं, हॉटेलात सहसा मिळत नाही, घरीच मिळतं आणि तेही याच दिवसांत.

जेवण ताटावर असतं, वेळेवर असतं. साडेबारा म्हणजे साडेबारा. दोनला आलात तर काकू वाढतील, पण चेहऱ्यावर दिसेल.

प्रश्न: आमच्याकडे 45 डिग्री आहे. तिकडे 33-34 दाखवतंय. म्हणजे थंडच ना? — नागपूर

नाही हो! आकड्यावर जाऊ नका. तुमचं ऊन भाजतं, आमचं शिजवतं. कोरड्या हवेत घाम वाळतो म्हणून अंग गार होतं, कोकणात हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही, नुसता वाहतो, सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला की अर्ध्या तासात पोतेरं. कूलर इथे कामाचा नाही हे तुम्हाला मुद्दाम सांगते, आधीच दमट हवेत अजून पाणी कशाला. पंखा आणि वारा, बस.

आणि वारा असतो, त्याचं टाइमटेबल असतं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, ती ऊन वर आलं की पडते, मग मधला एक तास-दीड तास पानही हलत नाही आणि माणसाला वाटतं आपण इथे का आलो, मग समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत चालतो. त्या मधल्या तासात चिडचिड करू नका, ताक प्या, पाय पाण्यात सोडून बसा. सुती कपडे दुप्पट घ्या, टॉवेल वाळत नाहीत. लाइट जाऊ शकते तर इन्व्हर्टर आहे का विचारून घ्या, दुपारचा मुक्काम नारळाखालच्या खोलीत मिळाला तर स्लॅबखालच्या एसीपेक्षा बरा. फक्त बाज बाहेर टाकून झोपणार असाल तर नारळाच्या बरोब्बर खाली नको, हे सांगायला लागू नये पण सांगते.

प्रश्न: पुण्याहून कुठल्या रस्त्याने जावं? आणि ती गाड्या नेणारी बोट आमच्या रूटवर येते का?

पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. हाच तो गुहागर-विजापूर रस्ता, त्याचं एक टोक गुहागरात आहे. ताम्हिणीतून माणगाव-महाड करूनही येता येतं. कुंभार्लीत ट्रक असतात तर घाट उजेडात उतरा.

फेरीबोट तुमच्या वाटेवर नाही. ती दाभोळ-धोपावे, म्हणजे दापोलीकडून येणाऱ्यांना उपयोगी, 2003 पासून चालू आहे, गाडी बोटीवर चढवायची, दहा मिनिटांत वाशिष्ठीची खाडी पार, नाहीतर सगळा वळसा चिपळूणवरून. दुसरी फेरी दक्षिणेला तवसाळ-जयगड, ती गणपतीपुळ्याकडे जायला. मुलं बरोबर असतील तर नुसतं बोटीत बसायला म्हणून धोपाव्याहून दाभोळला जाऊन परत या, गाडी इकडेच ठेवा, माणसांचं तिकीट किरकोळ असतं. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन फेरीच्या रांगेत उभं राहणं मात्र टाळा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी: स्टेशन चिपळूण, तिथून पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर एसटीने नाहीतर रिक्षा-टॅक्सीने. कोकण रेल्वेचं मे महिन्याचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं आणि सकाळी उघडलं की पाच मिनिटांत वेटिंग लागतं. गुहागरला एसटीचा डेपो आहे, रात्रीच्या गाड्या असतात, आणि खरं सांगू, वीकेंडला स्वतः गाडी चालवून दमण्यापेक्षा एसटी वाईट नाही, गाव एवढं छोटं आहे की तिथे गाडीची गरज फारशी पडत नाही.

प्रश्न: वायफाय? — (नाव, गाव दिलेलं नाही, पण अक्षर दहावीतलं वाटतंय)

काही ठिकाणी आहे. लाइट गेली की नाही. ओहोटीला वाळूवर बारके बारके गोळे दिसतील, नक्षी काढल्यासारखे, ते खेकडे करतात, वाळूतलं खायचं तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे टाकतात. हालचाल न करता बसलास तर दोन मिनिटांत बाहेर येतात. बघ जमतं का, आणि रेंज बाजारपेठेत येते.

प्रश्न: आंब्याची पेटी तिथूनच आणावी म्हणतोय. फसवणूक कशी टाळायची? — बोरिवली

हापूसला 2018 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. हायवेवरच्या स्टॉलवरून घेऊ नका एवढंच, तिथे कर्नाटकचा आंबाही रत्नागिरीच्या खोक्यात बसलेला असतो. जिथे राहाल त्यांनाच विचारा, त्यांची नसली तर शेजाऱ्यांची कलमं असतातच.

पिकलेला नाही, तयार पण कच्चा घ्या. घरी आणून गवतात आढी लावा, गवत नसेल तर कागदात, एकावर एक फार थर नकोत, रोज वास घ्यायचा आणि पिवळे झालेले बाजूला काढायचे, आठ-दहा दिवस पुरतो. बाहेरून पिवळाधमक आणि वास काहीच नाही असा दिसला तर पावडर मारलेली समजा आणि पुढे चला. साका मात्र बाहेरून ओळखता येत नाही, कापल्यावरच आत पांढरं कडक निघतं, त्यासाठी बागवाल्याशी भांडू नका, त्यालाही दिसत नाही. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात जात असाल तर "कॅनिंगचा आहे का" असं विचारा, फॅक्टरीला जाणारा डागी, लहानमोठा आंबा किलोवर स्वस्तात मिळतो, रसाला तो एकदम झकास. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर जपून, भिजलेला आंबा टिकत नाही.

प्रश्न: कासवं दिसतील का? — सातारा

मेमधे आशा कमी, पण अगदीच नाही असं नाही. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे उशिराची घरटी असतील तर मेच्या सुरुवातीला पिल्लं निघतात. वन विभागाची हॅचरी किनाऱ्यावरच असते, आदल्या दिवशी चौकशी करून सकाळी किंवा संध्याकाळी सोडण्याच्या वेळी जा. फ्लॅश मारायचा नाही, पिल्लं हातात घ्यायची नाहीत, त्यांना समुद्रापर्यंत स्वतः चालू द्यायचं.

लोक कासवांसाठी वेळासला धावतात पण गुहागरचा किनाराही त्याबाबतीत मोठा आहे. फेब्रुवारी 2023 मधे इथे दोन माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले होते, गुहा आणि बागेश्री, त्यातली बागेश्री खाली श्रीलंकेला वळसा घालून चक्क बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी 2025 मधे उलटं झालं, ओडिशात गहिरमाथ्याला 2021 मधे टॅग लावलेली एक मादी इथे गुहागरला येऊन अंडी घालून गेली, साडेतीन हजार किलोमीटरच्या वर अंतर. ती एवढ्या लांबून पोहत येते आणि आपल्याला कुंभार्ली घाटात कंटाळा येतो.

प्रश्न नाही, तक्रार आहे. तुम्ही लिहिता आणि माणसं येतात. बीचवर गाड्या घालतात, रात्री स्पीकर लावतात, बाटल्या सुरूच्या बनात फोडून जातात. निवांत तुम्हाला, आम्हाला काय? — एक गुहागरकर

तक्रार मान्य, आणि ती जशीच्या तशी छापतेय. वाचकहो, वाळूवर गाडी घालू नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, थांबलात की चाक बसतं, जितकी रेस द्याल तितकं खोल जातं, मग भरती येते आणि मग दोरखंड, जेसीबी, सगळं गाव बघायला. कासवांची घरटी चाकाखाली जातात ते वेगळंच. रात्रीच्या स्पीकरचं तर काय बोलावं, वाडीत घरं लागून आहेत, तिकडे सकाळी पाचला उठून झाडांना पाणी लावणारी माणसं झोपलेली असतात.

पण दादा, एक तुम्हालाही बोलते. सुरूच्या बनाजवळ कचरा टाकायला धड डबा नसेल, गाडी कुठे लावायची याची पाटी नसेल, तर चांगला माणूसही गोंधळतो. आणि मुक्कामवाल्यांनी बुकिंग घेतानाच "दहानंतर आवाज चालणार नाही" असं सांगितलं तर निम्मे स्पीकर घरीच राहतील, गिऱ्हाईक जाईल ही भीती असते ते कळतं, पण जे गिऱ्हाईक तेवढ्यावरून जाईल ते गेलेलं बरं असं तुमच्याच गावातल्या एका काकूंचं मत आहे, माझं नाही.

प्रश्न: आंब्याशिवाय परत येताना काय आणावं? फणसपोळी, आंबापोळी सगळं आता इथेही मिळतं. — दादर

रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, आणा. दादरला आमसुलं मिळतात, सरबताच्या बाटल्या मिळतात, ताजे रातांबे क्वचितच मिळतात, आणि त्यांचा सीझन हाच. गडद लाल, हाताला किंचित मऊ असे बघून घ्या. घरी आल्या आल्या धुवून कोरडे करा, अर्धे कापा, आतल्या बिया आणि गर काढून वाट्या मोकळ्या करा, वाटीत साखर दाबून भरा आणि काचेच्या बरणीत थरावर थर रचा, वर कापड बांधून उन्हात ठेवा. आठवडाभरात साखर विरघळून लाल रस वर येतो, तो गाळून त्यात थोडं मीठ, जिऱ्याची पूड. झालं. राहिलेल्या साली फेकू नका, चोखायला पोरांना द्या. बियाही फेकायच्या नसतात खरं तर, वाळवून त्यांचं कोकमतेल काढतात, टाचांच्या भेगांना लावायला, पण दादरच्या फ्लॅटमधे ते कुणी करेल असं वाटत नाही, तेव्हा तेल गुहागरच्या बाजारातून तयारच घ्या, पांढरट वडी असते.

फक्त रातांबे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून एसटीच्या वरच्या रॅकवर ठेवू नका. फुटतात, आणि तो डाग खालच्या माणसाच्या शर्टावरून निघत नाही.